काडतुसे घरी भरली तर पैसे वाचतात का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरायला संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही. तिथे राहणाऱ्या आणि रेंजवर नेम धरायला जाणाऱ्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. भारतात नियम पूर्ण वेगळे आहेत, ते शेवटच्या उत्तरात आहे. किमती महिन्यागणिक बदलतात, म्हणून खालचे दर फक्त हिशेबाची रीत कळावी यासाठी धरले आहेत. आपल्या दुकानातले दर त्यांच्या जागी घालून पाहा. पावडरची जी वजने दिली आहेत तीही हिशेबापुरतीच आहेत. काडतूस भरताना माप घ्यायचे ते पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तिकेतूनच.

प्रश्न : मी महिन्याला साधारण २०० राउंड ९ मिमी उडवतो. प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या दर ओढीला एक काडतूस पुरे करणारे यंत्र) घेऊन घरी भरायला सुरुवात केली तर पैसे किती दिवसांत वसूल होतील? (एक वाचक, डॅलस)

एवढ्या वापराला ते वसूल होणार नाहीत, असेच धरून चाला.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसणारा प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडवल्यावर यातली पुंगळीच काय ती परत हाती येते. म्हणून घरी भरण्यातली बचत मुख्यतः पुंगळीची असते, आणि पुंगळी जितकी महाग तितकी बचत जास्त. ९ मिमीची पुंगळी रेंजवर फुकट सापडते. तिची किंमतच कमी, म्हणून बचतही कमी.

प्रायमर ८ सेंट आणि ११५ ग्रेनची साधी गोळी १० सेंट धरू. पावडर ४० डॉलर पौंड. एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि ९ मिमीला साधारण साडेचार ग्रेन लागते, म्हणजे एका पौंडात १५५० च्या आसपास काडतुसे होतात आणि एकामागे अडीच सेंट पडतात. एकूण साडेवीस ते एकवीस सेंट. दुकानातले सरावाचे काडतूस २५ सेंटला मिळत असेल तर एकामागे वाचले चार सेंट.

आता प्रेस, डाय (पुंगळीला मापात आणणारा साचा), वजनकाटा, पुंगळ्या साफ करायचा टंबलर असे सगळे मिळून ९०० डॉलर लागले असे समजा. चार सेंटप्रमाणे ते भरून यायला २२,५०० काडतुसे भरावी लागतील. महिन्याला २०० या वेगाने नऊ वर्षांहून जास्त. साडेतीनशे डॉलरचा सिंगल-स्टेज संच घेतला तर आकडा पावणेनऊ हजारांवर येतो, पण त्यात एका वेळी एकाच काडतुसावर एकच क्रिया होते. सगळी कामे धरून तासाला पन्नासेक काडतुसे निघतात. तासाला दोन डॉलरची बचत झाली.

शिवाय एक खर्च नवख्यांच्या लक्षात येत नाही. पावडर आणि प्रायमर घरपोच मागवले की धोकादायक मालाचे वेगळे शुल्क प्रत्येक पार्सलवर लागते. ते ३० डॉलर असेल आणि तुम्ही एक हजारच प्रायमर मागवलेत तर प्रत्येक प्रायमरवर तीन सेंट चढले, म्हणजे चारपैकी तीन तिथेच गेले. मागवायचेच तर दोन-तीन मित्रांनी मिळून, पावडर आणि प्रायमर एकाच पार्सलमध्ये येतील असे मागवावे, किंवा दुकानात जाऊन घ्यावे.

तुमच्याकडे .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर असेल तर मात्र हाच हिशेब पुन्हा मांडा. ती काडतुसे कमी खपतात म्हणून दुकानात महाग असतात. घरचा खर्च ९ मिमीएवढाच येतो, आणि रिव्हॉल्व्हर पुंगळ्या इकडेतिकडे फेकत नाही, सगळ्या चक्रातच राहतात. एकामागे वीस-पंचवीस सेंट सहज सुटतात. .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्टला त्याहून जास्त. आमच्या मते पिस्तूलवाल्याने या कामाला हात घालावा तो इथून.

प्रश्न : मी .३०८ विंचेस्टरच्या रायफलीने ६०० यार्डांवर नेम धरतो. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे परवडत नाहीत. माझ्यासाठी हिशेब कसा असेल? (एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना)

तुमच्यासाठी हिशेब चांगला आहे. मॅच गोळी ५० सेंट, पावडर ४५ डॉलर पौंड आणि एका काडतुसाला ४३ ग्रेन धरले तर पौंडात १६० च्या आसपास, म्हणजे २८ सेंट. प्रायमर ९ सेंट. चांगली पुंगळी डॉलरला एक घेतली आणि ती आठ वेळा वापरली तर १२-१३ सेंट. सगळे मिळून एक डॉलर. त्याच तोडीचे कारखान्याचे काडतूस दोन डॉलरला मिळत असेल तर अर्धे पैसे वाचले. सुटी साधने मिळून ६०० डॉलर लागली तर ६०० काडतुसांत, म्हणजे वीसच्या तीस खोक्यांत, ती फिटतात.

पैशांखेरीज तुम्हाला आणखी एक मिळेल, आणि लांबच्या नेमबाजीत त्याची किंमत जास्त. कारखान्याला तेच काडतूस सगळ्यांच्या रायफलींत चालेल असे बनवावे लागते. तुम्ही ते एकाच रायफलीच्या मापाने बनवता. पावडर प्रत्येकात दशांश ग्रेनपर्यंत सारखी, गोळी नळीच्या खाचांपासून ठरावीक अंतरावर, पुंगळीचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) तुमच्या चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेला, जुळणारा. गोळ्यांचे वेग एकमेकांच्या जवळ आले की ६०० यार्डांवर उभा फैलाव कमी होतो.

यादीत हे असू द्या: सिंगल-स्टेज प्रेस, .३०८ चा डाय-संच, शेल होल्डर (पुंगळीचे बूड धरणारा तुकडा), दशांश ग्रेन दाखवणारा काटा आणि त्याची तपासणी करायला प्रमाण वजने, कॅलिपर, पुंगळी कापायचा ट्रिमर, तोंडाची कड आतून-बाहेरून मोडायचे हत्यार, खांद्याचे माप घ्यायचा गेज, वंगण, लोडिंग ब्लॉक (पुंगळ्या उभ्या ठेवायची भोकांची फळी) आणि किमान दोन पुस्तिका. प्रेस जुने घेतले तरी चालते, लोखंडी प्रेस दोन पिढ्या टिकते. काटा मात्र नवा आणि चांगला घ्यावा. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

एक सांगायलाच हवे. काडतूस स्वस्त पडायला लागले की माणूस रेंजवर जास्त उडवतो. वर्षाचा एकूण खर्च बहुतेकांचा तितकाच राहतो, सराव मात्र दुप्पट होतो. नेम सुधारायचा असेल तर हा सौदा उत्तमच, पण घरात खर्चाची बाजू मांडताना हे धरून मांडा.

प्रश्न : एक पुंगळी किती वेळा भरता येते? रेंजवर पडलेल्या उचलून वापराव्यात का? (एक वाचक, ॲरिझोना)

कमी दाबाच्या .३८ स्पेशलची पुंगळी पंधरा-वीस वेळाही चालते. .३०८ सारख्या रायफलीच्या पुंगळ्या पाच ते दहा वेळा. आकडा ठरवणारी गोष्ट म्हणजे पितळ किती ताणले जाते आणि किती परत दाबले जाते.

गोळी उडताना पुंगळी फुगून चेंबरला चिकटते. मग आपण ती डायमध्ये घालून पुन्हा मूळ मापावर आणतो. डाय गरजेपेक्षा खोल लावला तर खांदा जास्त मागे जातो, पुढच्या वेळी पुंगळी तेवढीच पुढे ताणली जाते आणि बुडाच्या थोडे वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून तिथे चकाकणारी कडी दिसते. एक दिवस पुंगळी तिथेच तुटते आणि अर्धी चेंबरमध्ये अडकते, मागून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणून बोल्ट रायफलीसाठी खांदा इंचाचा एक-दोन हजारांश भागच मागे न्यावा. तपासायला कागदाची टाचपिन सरळ करून तिच्या टोकाला बारीक आकडा करा आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर फिरवा. टोक खाचेत अडले तर ती पुंगळी आणि तिच्याबरोबर तितक्याच वेळा भरलेली सगळी पुंगळ्यांची रास भंगारात.

पुंगळीची लांबीही वाढते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ करतात. लांब राहिली तर तोंड चेंबरच्या टोकाशी दाबले जाते, गोळी चिमटली जाते आणि दाब एकदम वर जातो. मानेला (गोळी धरणाऱ्या, खांद्यापुढच्या भागाला) चीर पडायला लागली की पितळ कडक झाले असे समजा. मान तापवून मऊ केली तर आयुष्य वाढते, पण बुडाला ती आच कधीही लागता कामा नये.

रेंजवरच्या पुंगळ्या घ्यायला हरकत नाही. आधी रेंजचा नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी खाली पडलेले पितळ रेंजचे असते. मग निवड. ॲल्युमिनियमच्या आणि लोखंडी बाजूला काढा, लोखंडी चुंबकाला चिकटतात. आत प्रकाश टाकून पाहा, बुडाला मध्ये एकच भोक हवे. दोन बारीक भोके दिसली तर ती बर्डन पद्धतीची, प्रायमर काढायची सुई तिथे मोडते. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ ठोकून बसवलेले असते. ते काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, चुरगळतो. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसात लहान आणि मोठ्या प्रायमरच्या दोन्ही पुंगळ्या येतात, त्या वेगळ्या केल्या नाहीत तर प्रोग्रेसिव्ह प्रेस दर दहा मिनिटांनी अडते. रायफलीची दुसऱ्याची पुंगळी किती वेळा वापरली गेली हे कळत नसेल तर ती न घेणे बरे.

प्रश्न : मित्राने त्याचे माप दिले आहे, त्याच्या रायफलीत ते वर्षानुवर्षे चालते. तेच वापरू का? आणि या कामात खरा धोका कशाचा? (एक वाचक, ओहायो)

नको. त्याची नळी, त्याचा चेंबर, त्याच्या पुंगळीची आतली जागा, प्रायमर, गोळीची लांबी हे सगळे वेगळे असू शकते. पुस्तिकेत तुमची नेमकी गोळी आणि नेमकी पावडर शोधा, दिलेल्या किमान मापापासून सुरुवात करा आणि थोडे थोडे वर जा. चपटा झालेला प्रायमर, उघडताना जड झालेला बोल्ट, बुडावर उमटलेला चकचकीत ठसा ही दाब वाढल्याची चिन्हे. ती दिसली की खाली या, पुस्तिकेतली कमाल मर्यादा अजून दूर असली तरीही.

पावडरच्या नावांनी सर्वाधिक घोळ होतो. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ यांचा आकडा एकच, पण त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत, जळण्याचा वेग वेगळा. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवायचा. काम संपले की उरलेली पावडर त्याच डब्यात, लगेच. मापयंत्राच्या नळकांड्यात रात्रभर राहिलेली पावडर कोणती हे सकाळी खात्रीने सांगता येत नसेल तर ती फेकून द्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दुहेरी पावडर. .३८ स्पेशलची पुंगळी मोठी, माप चार ग्रेनच्या आसपास. दुहेरी पडली तरी ती आत मावते आणि वरून पटकन दिसत नाही. म्हणून सगळ्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये उभ्या करा, पावडर घालून झाली की दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून पातळी पाहा, आणि मगच गोळी बसवायला घ्या. शक्य असेल तिथे पुंगळी निम्म्याहून जास्त भरणारी पावडर निवडा, म्हणजे दुहेरी पडली तर सांडेल. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर मध्येच अडथळा आला, हँडल मागेपुढे झाले, फोन वाजला, तर प्रेसवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवा आणि नव्याने सुरू करा.

उलटी चूक म्हणजे पावडर पडलीच नाही. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज फुसका येतो, हिसका जाणवत नाही. अशा वेळी थांबा. हत्यार रिकामे करा, नळीतून सळई आरपार जाते का पाहा. मागून दुसरी गोळी मारली तर नळी फाटते. नवख्यांच्या हातून रेंजवर बंदुका फुटतात त्यातल्या बऱ्याच अशा फुटतात, म्हणून हे घरातल्या इतर नेमबाजांनाही समजावून सांगा.

९ मिमीमध्ये आणखी एक पाहावे. एकूण लांबी कमाल १.१६९ इंच, त्याहून लांब झाली तर मॅगझिनमध्ये बसत नाही. पण जास्त चिंता तोकड्या काडतुसाची. क्रिंप, म्हणजे गोळीभोवती आवळलेले पुंगळीचे तोंड, सैल असेल तर पिस्तुलात चढताना गोळी आत ढकलली जाते, आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. तयार काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबून पाहा आणि पुन्हा मोजा. लांबी कमी झाली तर डाय नीट लावा.

मित्राला भरून देण्याचाही विचार करू नका. विकण्याच्या धंद्यासाठी काडतुसे बनवायला संघराज्याचा सहाव्या प्रकारचा परवाना लागतो. फुकट दिलीत तरी त्याच्या हातात ते फुटले तर जबाबदारी तुमचीच. बहुतेक बंदूक कंपन्या घरी भरलेली काडतुसे वापरली तर हमी मानत नाहीत.

प्रश्न : शॉटगनची १२ गेजची काडतुसे भरावीत का? (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

१२ गेजला फार थोडे सुटते. २५ पौंडांच्या छऱ्यांच्या पिशवीत ४०० औंस, म्हणजे एक औंसाची ४०० काडतुसे. पिशवी ५२ डॉलरला असेल तर एकामागे १३ सेंटचे छरे, वर प्रायमर, प्लास्टिकचा वाड (पावडर आणि छरे यांच्यामधला तुकडा) आणि पावडर मिळून ३० सेंटच्या पुढे जाते. दुकानातली सरावाची काडतुसे त्याच्या आसपासच असतात. २८ गेज आणि .४१० या लहान नळीच्या बंदुकांत चित्र पालटते. त्याच पिशवीत पाऊण औंसाची ५३३ आणि अर्ध्या औंसाची ८०० होतात, आणि दुकानात ती १२ गेजहून बरीच महाग. लहान गेजने स्कीट (उडत्या चकत्यांवरची नेमबाजी) खेळत असाल तर जरूर भरा.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. बंदूक माझी नाही, मित्राची आहे. फक्त प्रेस आणि प्रायमर माझ्या गॅरेजमध्ये ठेवले तर चालेल ना? (एक वाचक, न्यू जर्सी)

चालेल असे धरू नका. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा दारूगोळा बाळगणे अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने मना आहे. त्या कायद्यात ‘दारूगोळा’ म्हणजे भरलेले काडतूस एवढेच नाही. पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि पावडर हे सुटे भागही त्यात येतात. अपवाद थोडे आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही, पण राज्याचे आपले नियम वेगळे असतात. गुन्हा सिद्ध झाला तर व्हिसाही जातो. चार सेंटांसाठी हे ओढवून घेऊ नये. शिकार परवाना घेऊन पुढे जायचे असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

प्रश्न : घरात दोन लहान मुले आहेत. पावडर, प्रायमर कुठे ठेवू? (एक वाचक, इलिनॉय)

एनएफपीए ४९५ हे अग्निसुरक्षेचे मानक घरासाठी २० पौंड पावडर, तीही मूळ डब्यांत, आणि १०,००० प्रायमर इतकी मर्यादा सांगते. गावाचा किंवा इमारतीचा नियम याहून कडक असू शकतो. पावडर कोरड्या, थंड जागी, गॅस किंवा हीटरपासून लांब. ती घट्ट लोखंडी तिजोरीत बंद करू नये, आगीत दाब साठतो आणि तिजोरीच फुटते. कुलूप असलेले लाकडी कपाट बरे. प्रायमर त्यांच्या मूळ कप्प्यांच्या खोक्यातच ठेवा. बरणीत सुटे ओतलेले प्रायमर एकाच्या ठिणगीने सगळे एकदम फुटतात.

मुलांना जास्त धोका मात्र शिशाचा आहे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि त्याची राख पुंगळीत उरते. कोरड्या टंबलरमधून भुसा चाळताना ती धुळीसारखी उडते. हे काम घरात करू नका. पाणी आणि स्टीलच्या पिनांचा टंबलर घेतला तर धूळ उठत नाही, पण ते पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतू नये. टेबलाशी खाणे-पिणे नाही, झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. थंड पाणी आणि साबणाने हात धुऊन, कपडे बदलून मगच मुलांना जवळ घ्या. वर्षातून एकदा स्वतःची आणि मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना सांगून करून घ्या.

प्रश्न : मुलगी .२२ रायफलीने सराव करते. काडतुसांचा खर्च झेपत नाही. घरी भरण्याचा काही मार्ग आहे का? (एक पालक, कोल्हापूर)

नाही, दोन कारणांनी. पहिले कायद्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आठवण म्हणून काडतूस किंवा प्रेस बॅगेत घालून आणू नये. विमानतळावर विसरून राहिलेल्या एका काडतुसावरूनही गुन्हा नोंदवला जातो.

दुसरे कारण तांत्रिक. .२२ च्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेच्या आत भरलेले असते, आणि बंदुकीच्या सुईच्या माराने ती कड चेपते. म्हणून जिथे परवानगी आहे तिथेही .२२ पुन्हा भरत नाहीत.

खर्च कमी करायचा तो सरावाच्या रचनेत. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तिच्या पात्रता फेरीत मोजल्या जाणाऱ्या गोळ्या फक्त ६०. कस लागतो तो उभे राहण्याच्या ठेवणीचा, श्वासाचा आणि घोडा दाबण्याचा, आणि यातले बरेच काम रिकाम्या रायफलीवर होते. प्रशिक्षकांना विचारून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, भिंतीवर छोटे टार्गेट लावून रोज अर्धा तास ड्राय फायर करू द्या. .२२ मध्ये त्यासाठी चेंबरमध्ये प्लास्टिकचा प्लग किंवा डमी लागते, नाहीतर सुई चेंबरच्या कडेवर आदळून कड चेपते. आठवड्यातले दोन दिवस १० मीटर एअर रायफलवर ठेवा, तिचा ४.५ मिमीचा छर्रा .२२ च्या काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. महागडी मॅच काडतुसे स्पर्धेसाठी आणि त्याआधीच्या थोड्या दिवसांसाठी राखून ठेवा. क्लबमध्ये एकाच बॅचची पेटी चार-पाच मुलांनी मिळून घ्या. घेण्याआधी त्या बॅचची प्रत्येकाच्या रायफलीवर दहा-दहा गोळ्यांची चाचणी करा, कारण एका नळीला मानवणारी बॅच दुसरीला मानवेलच असे नाही.